सर्वानुमते की सर्वसहमती? ग्रामसभेतल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

गडचिरोली-गोंदियाकडच्या ग्रामसभांचा विषय निघाला की "त्यांच्यात मतदान होतच नाही, सगळं सहमतीने ठरते" असं लोक सहज बोलून जातात. ही रीत आली कुठून, ते समजायला थोडं मागं जावं लागते.

फार जुन्यात शिरत नाही. गोटुलमध्ये, म्हणजे गावाच्या सामायिक बैठकीच्या घरात, बसून ठरवायची गोंड गावांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि वर्धा जिल्ह्यातल्या सर्वोदयी मंडळींनी १९५१ नंतर भूदान-ग्रामदानाच्या काळात बहुमताऐवजी सगळ्यांच्या संमतीचा आग्रह धरला. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांच्या विरोधात जंगल वाचवायची चळवळ उभी राहिली, तेव्हा या दोन वाटा एकत्र आल्या. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), शंभरेक घरांचं गाव, त्यातूनच पुढं आलं. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण त्यामागची पद्धत कमी लोक सांगतात. गावाने अभ्यास गट वेगळा ठेवला आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बाहेरचा माणूसही बसतो, कायदा वाचतात, तासन्‌तास वाद होतात, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तिथं कोणाला पटलं नसेल तर विषय पुढच्या सभेवर.

आता खरा गुंता शब्दाचा. पंचायतीच्या प्रोसिडिंगमध्ये "ठराव सर्वानुमते मंजूर" इतक्या वेळा लिहिलं गेलंय की त्यात काही जीवच उरला नाही. पंचायतीच्या ग्रामसभेचा कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यात कमी असेल तो, आणि कोरमअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला तीही अट नाही. मग रजिस्टर घरोघरी फिरते, सही नाहीतर अंगठा, सूचक-अनुमोदकाची दोन नावं, झालं. मी स्वतः एकदा पाहिलंय, सभा भरायला अर्धा तास होता आणि विषय क्रमांक चारच्या खाली "सर्वानुमते" लिहून तयार. त्यात आणखी "बिनविरोध" आहे, तो निवडणुकीतला शब्द, फॉर्म मागं घ्यायला लावूनही बिनविरोध होते. पण सर्वानुमते, बिनविरोध आणि सर्वसहमती हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि तिथंच घोळ होतो. विरोध नोंदवला गेला नाही म्हणजे बिनविरोध, कागदावर कोणी नाही म्हटलं नाही म्हणजे सर्वानुमते, आणि ज्याला पटत नव्हतं त्याचं ऐकून निर्णय बदलला किंवा थांबवला, त्यानंतर तो स्वतः "चालते" म्हणाला, ती सर्वसहमती. एका तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) सभेत सगळे लिलावाला तयार होते, एक बाई उठून म्हणाली, "मले पटलं नाही, पैसे कोणाच्या खात्यात येतीन ते पहिले सांगा." सभा दोन वेळा पुढं गेली, शेवटी खात्यावर दोन बायांच्या सह्या लागतील असं ठरलं आणि मगच ती हो म्हणाली. मतदान घेतलं असतं तर पाच मिनिटांत ती हरली असती.

कायदा मात्र दोन्हीकडं ओढतो. १९९६ च्या पेसाने (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभा गावापर्यंत, पाड्यापर्यंत खाली आणली, आणि सगळे एकमेकांना ओळखतात एवढ्या छोट्या सभेतच सहमती जमते. पण २०१२ च्या वनहक्क सुधारणा नियमांत कोरम निम्म्या सदस्यांचा, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, आणि दाव्यांचा ठराव साध्या बहुमताने. यावर गावागावात आजही वाद होतात. काहींचं म्हणणं, नियमच बहुमत म्हणतो तर एकट्यादुकट्यासाठी कशाला अडून बसायचं. माझ्या मते नियमाने कमीत कमी किती लागते ते सांगितलंय, त्याहून जास्त संमती घ्यायला गावाला कोणी अडवलेलं नाही.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये केंद्राच्या मंत्र्यांनी गावात येऊन बांबूच्या टीपीचं (वाहतूक परवान्याचं) बुक ग्रामसभेच्या हाती दिलं, आणि तिथून पैसा आला. पुढं कोरचीसारख्या तालुक्यांत अनेक ग्रामसभा तेंदूसाठी एकत्र आल्या. फळी (पानं गोळा करायची जागा) कुठं लावायची, ठेकेदार कोणता, मजुरीवर बोनस किती, या प्रश्नांना लाखोंचं वजन आलं, आणि सहमतीची खरी परीक्षा तेव्हापासून सुरू झाली. गप्प बसणाऱ्याला हो म्हटल्यासारखं धरतात, बाया मागच्या ओळीत राहतात, हा आरोप खरा आहे, मी तो खोडत नाही. म्हणून काही गावांत बायांची बैठक आदल्या दिवशी वेगळी घेतात आणि त्यांचं म्हणणं सभेत सर्वात आधी ऐकतात.

आता नवीन अडचण व्हॉट्सअ‍ॅपची. ग्रुपवर ठराव टाकला, वीस अंगठे आले की "सहमती झाली" म्हणतात, ज्यांच्याकडं फोन नाही ते गणतीतच नाहीत. आमच्या बाजूच्या पाड्याने यंदा रजिस्टरात वेगळा रकाना आखलाय, कोणाला काय पटलं नाही ते नावासकट लिहायला.