सेन्सर मुदतीआधी निघू नये म्हणून

‘१४ दिवस झाले, तरी हाच सेन्सर आणखी चालवायची काही युक्ती आहे का हो?’ आमच्या औषधांच्या दुकानात दंडावर चिकटवून सतत साखर मोजणारे सेन्सर मिळतात, आणि काउंटरवर कुणी ना कुणी हे विचारतंच. युक्ती नाही. यातलं लिब्रे हे मॉडेल १४ दिवसांचं, लिब्रे २ प्लस १५ दिवसांचं. दिवस सेन्सर स्वतःच मोजतो. मुदत भरली की मोबाइल बदला नाहीतर ॲप काढून पुन्हा टाका, तो बंद तो बंदच. अमेरिकेतल्या भाच्याकडून डेक्सकॉम या दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरचे किस्से ऐकून काही जण येतात. त्यातल्या जी६ मॉडेलवर १० दिवसांनी तोच सेन्सर पुन्हा सुरू करायची क्लृप्ती लोक वापरत हे खरं, पण ती कंपनीच्या सूचनांबाहेरची. लिब्रेवर ती चालत नाही. शिवाय कातडीखालच्या त्या बारीक तारेवरच्या, साखर ओळखणाऱ्या एन्झाइमचा भरवसा मुदतीपुरताच असतो. पुढच्या आकड्यावर इन्सुलिनचं युनिट ठरवणं आम्हाला पटत नाही.

खरं नुकसान वेगळीकडेच होतं. तक्रार घेऊन येणाऱ्यांत सेन्सर बिघडलेले थोडे, पाचव्या-सहाव्या दिवशी गळून पडलेले जास्त. आणि चौकशी केली की बहुतेक वेळा कारण एकच: लावताना दंड कोरडा नव्हता.

ठाण्याची हवा वर्षातले निम्मे महिने दमट. आंघोळ करून पंचाने पुसलं की दंड कोरडा झाला असं वाटतं, पण कातडीत ओल राहते. त्यावर मॉइश्चरायझर, पावडर नाहीतर डोक्याला लावलेलं खोबरेल ओघळून आलेलं. मग घाईत स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि तो लवकर वाळावा म्हणून तोंडाने फुंकर मारायची! फुंकरीतून वाफच जाते, आणि ओल्या कातडीवर चिकटपट्टी धरत नाही. तेव्हा दंडाची मागची बाजू साध्या, बिनवासाच्या साबणाने धुवा, केस दाट असतील तर काढा, स्पिरिटने पुसा आणि पंख्याखाली चांगली दहा मिनिटं बसा. लावल्यावर कडेकडेने बोट फिरवून दाबा. जागा तीळ, व्रण आणि इंजेक्शनच्या ठिकाणापासून दूर हवी, आणि दर वेळी दंड बदला. दोन खोकी एकदम उघडली असतील तर सेन्सरच्या डब्या आणि ॲप्लिकेटर (सेन्सर दंडावर बसवायचं साधन) यांची अदलाबदल होऊ देऊ नका. दोन्हींवरचा कोड जुळला पाहिजे, नाहीतर आकडे चुकतात.

दिवाळीत अभ्यंगाला त्या दंडाला तेल-उटणं नको. रोजच्या आंघोळीला हरकत नाही, फक्त तिथे घासू नका. पोहायचं असेल तर १ मीटरपेक्षा खोल नाही आणि ३० मिनिटांपेक्षा जास्त नाही. लोकलने जाणाऱ्यांनी सॅक काढता-घालताना पट्टा अडकणार नाही एवढं बघावं. वरून लावायचे पॅच आमच्याकडे मिळतात. तुम्हाला घाम जास्त येत असेल तर घ्या, सगळ्यांना लागतात असं नाही. लावायचाच तर पहिल्याच दिवशी लावा आणि सेन्सरच्या मधलं बारीक छिद्र झाकू नका.

दुसरी गोष्ट, आकडा चुकीचा वाटला म्हणून चांगला सेन्सर उपटून टाकणं. रात्री त्याच कुशीवर झोपलं की दंड दाबला जातो आणि आकडा खोटाच खाली येऊ शकतो. पहिल्या दिवशीही आकडे थोडे इकडेतिकडे होतात. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्या तर आकडा उगाच चढू शकतो. शंका आली तर बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा आणि मगच ठरवा. मात्र घाम, थरथर, चक्कर असेल तर तपासत बसू नका, आधी साखर घ्या. एमआरआय किंवा सीटी स्कॅनची तारीख असेल तर नवा सेन्सर त्यानंतर लावा, कारण तपासणीआधी तो काढावा लागू शकतो आणि काढलेला परत लावता येत नाही.

सेन्सर पडला तर टाकून देऊ नका, खोकंही जपून ठेवा. बदली द्यायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि त्यासाठी सिरियल नंबर लागतो. ‘दुकानातूनच दुसरा द्या’ म्हणून आमच्यावर रागावून उपयोग नाही. नंबर हातात असेल तर फोन आम्ही लावून देतो. नंबर नसेल तर तुमचा-आमचा तासभर जातो आणि हाती काही लागत नाही.

आमच्याकडून घेतलेला सेन्सर आम्ही फुकट लावून देतो. स्टेशनवरून घामाघूम आलेल्यांना आधी पंख्याखाली बसवतो, त्यावर कुरकुर होते, पण ती दहा मिनिटं आम्ही सोडणार नाही. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा या. येताना सैल बाहीचा कपडा घाला, आणि जुना सेन्सर अजून दंडावर असेल तर घरीच कडेने खोबरेल लावून हळूच सोडवून या. नवा मात्र दुसऱ्या दंडावर लावू, तिथे तेल नको.