खाडीकाठचा टप्प्याटप्प्याचा गृहप्रकल्प: सीआरझेडची फाईल परत का येते

‘रेरात पहिला टप्पा वेगळा नोंदलाय, म्हणून सीआरझेडलाही तेवढाच दाखवला.’ सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीची, फाईल परत आली की बहुतेकांचं स्पष्टीकरण हेच असतं. रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, त्याच्या कलम ३ प्रमाणे प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प धरून वेगळा नोंदवावा लागतो, हे खरं. पण ती व्यवस्था घर घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. किनाऱ्याच्या नियमांना तुमच्या टप्प्यांशी देणंघेणं नाही, तिथे पूर्ण लेआउट एकदम मांडावा लागतो. आधी रस्त्याकडच्या दोन इमारती मंजूर करून घ्यायच्या आणि पाण्यालगतची तिसरी ‘नंतर बघू’ म्हणायची, ही चलाखी पहिल्याच छाननीत उघडी पडते, कारण लेआउटवर अंतर्गत रस्ता त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच गेलेला दिसतो.

बेरीजही सगळ्या टप्प्यांची मिळून होते. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त भरलं, तर २००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरीही लागते. इथे बांधकाम म्हणजे नुसता एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र, नव्हे. तळघर, पार्किंगचे मजले, सेवांच्या जागा सगळं मोजलं जातं. कागदावर १४,००० दिसणारा प्रकल्प पार्किंग धरून सहज वीस हजारांच्या वर जातो आणि मग प्रकरण राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे वळतं. राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस तरीही लागतेच.

अर्ज कोणी करायचा? जमीनमालक, सोसायटी किंवा विकासक. स्वतःला राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल, तर स्थानिक संस्थाच सीआरझेडचे नियम तपासून परवानगी देते. ही सवलत ‘स्वतःला राहण्यासाठी’ आहे. प्लॉटचे तुकडे पाडून भावाबहिणींच्या नावांवर तीनशे-तीनशेची घरं दाखवू नका.

मग आपण सीआरझेडमध्ये येतो का, हा प्रश्न. समुद्रालगत भरतीरेषेपासून ५०० मीटर, पण भरती-ओहोटीच्या खाडीलगत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते. हा ५० चा आकडा २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेतला आहे. २०११ च्या नियमात तो १०० होता. नवा नियम त्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा नव्याने मंजूर झाल्यावरच लागतो, म्हणून हातातला नकाशा कुठल्या आराखड्यावरचा आहे ते आधी बघा. ‘आमच्याकडे तर नाला आहे’ हे म्हणणंही टिकत नाही. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा हजारी ५ भाग जिथवर भरतो, तिथवर ती खाडीच.

आता सगळ्यात जास्त रडवणारा कागद: १:४००० प्रमाणाचा सीआरझेड नकाशा. तो तुमच्या आर्किटेक्टने काढलेला चालत नाही. केंद्राने अधिकृत केलेल्या संस्थेचाच लागतो, उदाहरणार्थ चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची रिमोट सेन्सिंग संस्था. त्यावर भरती-ओहोटीच्या रेषा हव्यात आणि तुमचा पूर्ण लेआउट बसवलेला हवा. शिवाय सात किलोमीटर त्रिज्येचा १:२५,००० चा वेगळा नकाशा. संस्थेकडे जाण्याआधी भूमी अभिलेखकडून ताजी मोजणी करून घ्या. सातबारावर चाळीस गुंठे असतात, त्यातले चार-पाच गुंठे बांध फुटल्यापासून भरतीच्या पाण्याखाली असतात आणि घरात कोणाच्या ते ध्यानीमनीही नसतं. नकाशावर भरतीरेषा प्लॉटच्या आतून गेली की तिच्या पाण्याकडचा तुकडा सीआरझेड-एक बी, म्हणजे भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा, ठरतो. सातबारा दाखवून तो परत मिळत नाही.

शहरी हद्दीतल्या आधीच वस्ती झालेल्या भागात, म्हणजे सीआरझेड-दोनमध्ये, आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच इमारत बांधता येते. पाण्याकडून नवा रस्ता काढून त्याच्या आडोशाला परवानगी मागणाऱ्यांना अधिसूचनेनेच दार बंद केलंय. जुन्या सोसायट्या अडतात त्या ‘अधिकृत’ या शब्दावर. वीजबिल आणि घरपट्टीची पावती घेऊन येतात. त्यावरून तुम्ही तिथे राहता एवढंच कळतं. मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र लागतं आणि नेमकं तेच कोणाकडे नसतं. बांधकामाच्या वेळी जागा ग्रामपंचायतीत असेल तर महापालिकेत हेलपाटे घालण्याआधी जुनं दप्तर कुठे गेलं ते विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, फाईल लावल्यावर नाही.

तिवरं असतील तर ती लपवू नका. उपग्रह चित्रात दिसतात. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटर पट्टा सोडावा लागतो, आणि सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जमीन खासगी असली तरी तिवर तोडता येत नाही.

अर्ज परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर ऑनलाइन जातो. प्रकल्पाची माहिती, पर्यावरण आघात अहवाल, आपत्ती व्यवस्थापन आराखडा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ना-हरकत हे सल्लागार जोडून देतो, त्यात फारसं अडत नाही.

मुदतीचा मात्र घोळ होतो. किनारा प्राधिकरणाला ६० दिवस आहेत, पण ते परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अपलोड केलेल्या तारखेपासून बोटं मोजत बसलेले लोक पोर्टलवर आलेली त्रुटीची सूचना महिनोन्‌महिने उघडतच नाहीत. लॉगिन सल्लागाराकडे, सल्लागार दुसऱ्याच कामात. लॉगिन स्वतःकडे ठेवा. आणि त्रुटीही एकदम कळवल्या तर कोणाचं काय बिघडेल, कोण जाणे, पण त्या एकेक करून येतात हे धरूनच चाला.

मंजुरीनंतर सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो, १ जून आणि ३१ डिसेंबरला. पहिला टप्पा विकून झाला की तो सगळे विसरतात. पुढच्या टप्प्यात फेरबदल मागायला गेल्यावर आधी त्याच अहवालांची विचारणा होते.