पार्श्वभूमी : गोंगाटातून माहिती वेचणारे शास्त्र आणि प्रा. थॉमस कैलाथ

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग येथे केला आणि त्यासाठी सोलापुरात रडार ठेवले. अशा रडारकडे परतणारा संकेत म्हणजे वेगवेगळ्या गतीने हलणाऱ्या असंख्य थेंबांवरून परावर्तित झालेल्या लहरींची बेरीज असते. एकाच स्पंदाच्या, म्हणजे रडारने सोडलेल्या लहरींच्या एका छोट्या झोताच्या, मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही. अनेक स्पंदांची सरासरी काढून पावसाची तीव्रता आणि लागोपाठच्या स्पंदांमधील कलेच्या (लहर आपल्या चक्रात कोणत्या टप्प्यावर आहे त्याच्या) फरकावरून थेंबांचा वेग अंदाजावा लागतो. हा अंदाज बांधण्याची रीत सांख्यिकीय संकेत प्रक्रिया, म्हणजेच गोंगाटातून माहिती वेचणारे शास्त्र, शिकवते.

तिची मुळे जुनी आहेत. 1801 मध्ये सापडून दिसेनासा झालेला सीरीस हा बटुग्रह गणितज्ञ गाउसने मोजक्या निरीक्षणांवरून गणिताने पुन्हा शोधून दिला. 1940 च्या दशकात विमानविरोधी तोफांसाठी विमानाची पुढची जागा वर्तवताना गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने गाळणीचा, म्हणजे गोंगाट वगळून हवा तो संकेत वेगळा काढण्याचा, सिद्धान्त मांडला. त्याच सुमारास रशियात कोल्मोगोरोव्ह स्वतंत्रपणे तेथेच पोहोचला होता. अंदाज किती अचूक असू शकतो याची मर्यादा 1945 मध्ये कोलकात्यात सी. आर. राव यांनी दाखवली, तर 1960 मध्ये काल्मनने बदलत्या प्रणालींसाठी टप्प्याटप्प्याने चालणारी पद्धत दिली.

हे धागे एकत्र आणण्याचे मोठे श्रेय थॉमस कैलाथ यांना द्यावे लागते. 1935 मध्ये पुण्यात जन्मलेले कैलाथ 1956 मध्ये तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार शाखेचे पदवीधर झाले. 1961 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून 1963 पासून त्यांनी स्टॅनफर्डमध्ये अध्यापन केले.

1968 मध्ये त्यांनी मांडलेली दृष्टी मला त्यांच्या सर्व कामात मोलाची वाटते. येणाऱ्या प्रत्येक मोजमापातून, आधीच्या मोजमापांवरून जे वर्तवता आले असते ते वजा करावे. उरते ती खरी नवी माहिती, आणि तेवढ्यावरच अंदाज सुधारावा. काल्मनच्या सूत्रात कंसात दिसणारी वजाबाकी हीच आहे. आपल्याकडे विद्यार्थी ती पाठ करतात. तिच्यामागचा हा विचार मात्र त्यांना क्वचितच सांगितला जातो, आणि ही उणीव भरून काढायला हवी. स्वतः कैलाथांना विषयाच्या इतिहासाची आस्था होती. 1974 मध्ये त्यांनी रेषीय गाळणी सिद्धान्ताच्या तीन दशकांचा सविस्तर आढावा लिहिला.

पुढे त्यांनी नियंत्रणशास्त्र, अनेक अँटेनांच्या आधारे संकेताची दिशा शोधण्याच्या पद्धती आणि शेवटी चिपनिर्मितीतील गणित असे विषय हाताळले. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे सर्वोच्च पदक त्यांना 2007 मध्ये, तर पद्मभूषण 2009 मध्ये मिळाले.