पोटखराब्यातलं जग

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून एक नोंद असते. जिथे नांगर चालत नाही ती जमीन तिथे लिहायची. बीडच्या पाटोद्यापासून धाराशिवच्या भूम-वाशीपर्यंत बालाघाटाच्या माथ्यावर असा मुरमाड माळ दूरवर पसरलेला आहे. काही शेतकऱ्यांच्या नावावर, काही गावांचं गायरान. उन्हाळ्यात पाहिला तर कुणालाही वाटेल की इथे काही नाही. मीही बारावीपर्यंत तसंच समजत होतो. परिसंस्था म्हटलं की पुस्तकात तळं नाहीतर घनदाट जंगल असायचं. आमच्या घरामागे माळ होता, आणि तो धड्यात नव्हता.

परिसंस्थेसाठीचा ‘इकोसिस्टिम’ हा शब्द आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली आपल्या लेखात वापरला. सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा, ऊन यांची मिळून एकच व्यवस्था चालते, त्यातला एक भाग सुटा काढून समजत नाही, असं त्याचं म्हणणं. झाडं किती दाट हवीत, याची अट त्यात कुठेच नाही.

माळाखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा. त्यावर कुठे वीतभर, कुठे हातभर मुरूम. पाणी त्यात ठरत नाही, आणि ऐन पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांचा खंड आपल्याला नवा नाही. एवढ्याशा ओलीवर गवत तगतं, अधूनमधून एखादी बोर, हिवर, बाभूळ.

माळावरून चालून आलात की कपड्यांना कुसळं चिकटतात. पुढच्या वेळी त्यातलं एक न मोडता काढून तळहातावर घ्या. पुढे सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस, आणि त्यामागे पीळ भरलेली लांब शेपटी. शेपटीवर पाण्याचा थेंब टाका आणि थोडं थांबा. ती फिरू लागते! ओल मिळाली की पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा भरतो. माळावर ही शेपटी आजूबाजूच्या काड्यांत अडकलेली असते, त्यामुळे फिरतं ते बी. केस त्याला मागे सरकू देत नाहीत. रात्री दव, दिवसा ऊन, पुन्हा दव, असं करत करत बी गिरमिटासारखं जमिनीत उतरतं. वरून वणवा गेला तरी खाली रुतलेलं बी वाचतं. जे काही हलतं ते केवळ मेलेल्या पेशींच्या फुगण्या-आकसण्यामुळे. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी अजून प्रत्येक वेळी श्वास रोखून पाहतो.

शेळ्या-मेंढ्यांनी शेंडा खाल्ला तरी गवत पुन्हा फुटतं, कारण त्याचा वाढीचा भाग जमिनीलगत असतो. कुसळी, मारवेल ही गवतं ‘सी-फोर’ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. कडक उन्हात थोड्या पाण्यावर भरपूर कार्बन बांधतात. त्यातला बराच मुळांमधून मातीत जातो, जिथे वणवा पोचत नाही.

आणि वाळलेलं गवत? त्याचा मोठा भाग वाळवीच्या वाट्याला येतो. वारुळं बांधणाऱ्या वाळवीला ते एकटीने नीट पचत नाही, म्हणून ती वारुळाच्या पोटात बुरशीची बाग करते. चावलेलं गवत बुरशीला घालायचं, बुरशीने ते मऊ केलं की खायचं. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही त्याच बुरशीची छत्री. ती घरी शिजते तेव्हा ताटात वाळवीच्या शेतातलं पीक असतं.

गवतापासून वर चढत जाताना ऊर्जा झपाट्याने कमी होते. अमेरिकेतल्या एका छोट्या तळ्याच्या अभ्यासातून रेमंड लिंडमन याने १९४२ साली हा हिशेब मांडला. निबंध छापून येण्याआधीच, अवघ्या २६ व्या वर्षी, तो वारला. एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहा टक्के ऊर्जा पोचते, हा पाठ्यपुस्तकातला ढोबळ नियम त्यातूनच आला. म्हणजे गवतात दहा हजार कॅलरी असतील तर काळविटात हजार, लांडग्यात शंभर. उष्ण रक्ताच्या प्राण्यांत तर याहून कमी, कारण खाल्लेलं बहुतेक अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतं. म्हणूनच लांडग्याच्या एका कळपाला इतका अफाट माळ लागतो. माळाचे तुकडे पडले की सगळ्यात आधी उपाशी राहतो तो हा वरच्या पायरीवरचा. मग तो मेंढरांच्या वाड्याकडे वळतो, आणि भरपाई होते ती धनगराच्या जिवावर.

माळाला नांगरापासून धोका आहेच, पण मला जास्त काळजी वाटते ती चांगल्या हेतूने लावलेल्या झाडांची. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चारी दिशा दिसणं हेच त्यांचं संरक्षण. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचा माळढोकही असाच उघड्यावरचा पक्षी. माळावर दाट झाडी उभी केली की कावळ्यांना टेहळणीच्या जागा मिळतात, सावलीत कुसळी मरते, आणि झाडं वाढली म्हणून आपण खूश होतो. मध्य अमेरिकेतून आलेला ग्लिरिसिडिया राज्यातल्या कितीतरी माळांवर असाच लावला गेला. झाडं लावायचीच असतील तर बांध आहेत, ओढ्याचे काठ आहेत, शाळेची अंगणं आहेत.

आमच्या गायरानातही एका मे महिन्यात यंत्राने ओळीने खड्डे घेतले. दोन खड्ड्यांच्या मधोमध, मुरमाच्याच रंगाची टिटवीची चार अंडी होती. ऑपरेटरला दाखवली तेव्हा त्याने तेवढी जागा सोडली. दिवाळीनंतर मुलांना घेऊन पुन्हा गेलो. पावसाने मधेच महिनाभर दडी मारली होती, रोपं काड्या होऊन उभी होती. एका मुलीने खड्ड्याकाठचा सैल मुरूम बोटाने उकरला. आत कुसळीची बियं रुतलेली होती, शेपट्या अजून बाहेर.