पाण्यात मोकळे असलेले प्रथिन: क्ष-किरण विखुरणाची पार्श्वभूमी

प्रथिनाची रचना म्हटले की आधी स्फटिक आठवतो. 1958 साली जॉन केंड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा पहिला त्रिमितीय नकाशा मांडला, तो स्फटिकावरूनच. पण पेशीतले प्रथिन असे रांगेत जखडलेले नसते. ते पाण्यात वळते, लवते, दुसऱ्या रेणूंना धरते आणि सोडते. त्याला या मोकळ्या अवस्थेत तपासण्याचा एक मार्ग म्हणजे द्रावणावर क्ष-किरण सोडून ते अगदी लहान कोनांत कसे विखुरतात हे मोजणे. प्रयोगशाळेत याला ‘सॅक्स’ म्हणतात. स्फटिकशास्त्राची धाकटी बहीण अशी या पद्धतीची ओळख झाली आहे, पण तिची मुळे केंड्र्यूंच्या नकाशापेक्षा बरीच जुनी आहेत.

पाया 1915 चा. पीटर डेबाय यांनी गणिताने दाखवले, की रेणू हव्या त्या दिशेला तोंड करून पसरलेले असले तरी त्यांच्या आतल्या अणूंमधली अंतरे विखुरलेल्या किरणांवर आपला ठसा ठेवतात. दिशा पुसली जाते, अंतरे उरतात. या उरलेल्या अंतरांतून किती काढता येईल, हाच पुढच्या सगळ्या कामाचा प्रश्न. 1923 मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. आर. रामनाथन यांनी द्रवांतून होणाऱ्या क्ष-किरण विखुरणाचा सिद्धान्त मांडला. 1930 च्या सुमारास पी. कृष्णमूर्ती आणि इतर काही जणांना अतिसूक्ष्म कणांच्या नमुन्यांत मूळ किरणशलाकेच्या अगदी लगत पसरलेली चमक दिसली. ती कणांच्या आकारमानामुळे होती: कण जितका मोठा, तितके विखुरण लहान कोनात गोळा होते.

या निरीक्षणाला मोजमापाचे रूप दिले फ्रान्सच्या आंद्रे गिनिए यांनी. ते जीवशास्त्रज्ञ नव्हते, धातूंचे अभ्यासक होते. ॲल्युमिनियम-तांब्याच्या मिश्रधातूत तांब्याचे अणू जमून झालेले अतिसूक्ष्म पट्टे त्यांनी 1938 मध्ये क्ष-किरणांनी ओळखले. त्याच वेळी इंग्लंडमध्ये प्रेस्टन स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. 1939 मध्ये गिनिए यांनी दिलेला नियम साधा आहे. तीव्रतेचा लॉगरिदम कोनाशी निगडित राशीच्या वर्गासमोर मांडला, की सुरुवातीचा भाग सरळ रेषेत येतो आणि तिच्या उतारावरून कणाची परिभ्रमण त्रिज्या मिळते. त्रिज्या म्हणजे इथे कणातले द्रव्य त्याच्या मध्यापासून सरासरी किती दूर पसरले आहे याचे माप. आजही मोजणी झाली की सगळ्यात आधी हाच आलेख काढतात. रेषा वाकली, तर रेणू एकमेकांना चिकटले आहेत किंवा ढकलत आहेत असे समजावे. मला या नियमाचे विशेष मोल वाटते ते यासाठी, की उत्तराबरोबर तो नमुन्याची प्रतही सांगतो.

प्रथिनांसाठी मात्र अडचण मोठी होती. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि पाण्यात दर घन ॲंगस्ट्रॉममागे (ॲंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) सुमारे 0.33 इलेक्ट्रॉन असतात, तर प्रथिनात 0.43 च्या आसपास. हाती लागतो तो एवढाच फरक. त्यामुळे द्रावण आणि नुसते बफर, म्हणजे प्रथिनाशिवायचे तेच द्रावण, वेगवेगळे मोजून एकातून दुसरे वजा करावे लागते आणि ही वजाबाकी जराशी चुकली तरी आकार बिघडतो. ऑस्ट्रियात ग्राझ इथे ओटो क्रात्की यांनी मूळ शलाकेची झळ लहान कोनांत येऊ नये म्हणून खास कॅमेरा बांधला. त्यांचे सहकारी गुंथर पोरोड यांनी कोनानुसार तीव्रता दाखवणाऱ्या वक्राच्या शेपटाकडून कणाच्या पृष्ठभागाचा अंदाज घेण्याचा नियम दिला. प्रथिन घडी घालून घट्ट बसले आहे की उलगडले आहे हे दाखवणारा आलेख क्रात्कींच्याच नावाने ओळखला जातो. पण एका मोजणीला तासन्‌तास लागत. 1970 च्या दशकात हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्राचे, प्रखर क्ष-किरण जीवशास्त्राच्या कामाला आले आणि तासांची सेकंदे होण्याची वाट मोकळी झाली.

या पद्धतीने काय साधले, हे कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनाच्या गोष्टीतून नीट कळते. 1985 मध्ये स्फटिकावरून त्याची रचना आली: दोन गोळे आणि त्यांना जोडणारा लांब, ताठ सर्पिल दांडा, अगदी डंबेलसारखा. तीन वर्षांनी हायडॉर्न आणि ट्रेव्हेला यांनी द्रावणातला वक्र तपासला, तेव्हा तो या चित्राशी जुळेना. पाण्यात दोन्ही गोळे सरासरीने जवळ होते, म्हणजे मधला दांडा लवत होता. रेणूत कोणते अंतर किती वेळा येते हे दाखवणाऱ्या डंबेलच्या अंतरांच्या आलेखात दोन उंचवटे असतात, एक गोळ्याच्या आतल्या अंतरांचा आणि दुसरा दोन गोळ्यांमधल्या अंतराचा. मधमाशीच्या विषातला मेलिटिन हा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बांधला गेला, की दुसरा उंचवटा नाहीसा होतो, कारण गोळे मिटून त्याला कवेत घेतात. 1992 मध्ये एका दुसऱ्या पेप्टाइडसोबतची एनएमआर रचना (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत मोजून काढलेली) आली, तिच्यात ही मिठी अणूंच्या पातळीवर दिसली.

आकडेमोडीची बाजूही हळूहळू बळकट होत गेली. ओटो ग्लाटर यांनी 1977 मध्ये वक्रावरून अंतरांचा आलेख काढण्याची भरवशाची रीत दिली. 1990 च्या दशकात दिमित्री स्वेर्गुन यांच्या हॅम्बुर्गच्या गटाने स्फटिक रचनेवरून वक्र काढणारी आणि वक्रावरून छोट्या मण्यांनी रचलेला प्रथिनाचा आकार उभा करणारी सॉफ्टवेअर तयार केली. त्यांनी ही पद्धत घरोघरी नेली खरी, पण त्या सुबक आकारांवर फार लवकर विश्वास बसू लागला. एका वक्रात स्वतंत्र माहितीचे साधारण 10 ते 20 आकडेच मावतात आणि वेगवेगळे आकार तोच वक्र देऊ शकतात. म्हणून नमुना कसा तपासला, वजाबाकी कशी केली, हे प्रसिद्ध करण्याचे संकेत पुढे ठरवण्यात आले आणि मूळ मोजण्या सर्वांसाठी खुल्या ठेवणारा संग्रहही उभा राहिला.

लवचीक प्रथिनांसाठी एकच आकार शोधण्याचा हट्ट 2007 च्या सुमारास सुटला. अनेक आकारांचा समूह घेऊन त्यांचा सरासरी वक्र मोजणीशी ताडून पाहण्याची रीत तेव्हा आली. आता अल्फाफोल्ड हा प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम घडी पडलेले भाग बऱ्याचदा अचूक सांगतो, पण त्यांना जोडणाऱ्या सैल दुव्यांची जागा तिथे निश्चित नसते. ते भाग पाण्यात एकमेकांपासून किती दूर राहतात, हे ठरवायला काही मायक्रोलिटर द्रावण आणि त्याचा वक्र घेतला जातो.