ओट्याचा काळा दगड ग्रॅनाइटच आहे का?

आमच्या स्वयंपाकघरात दोन काळे दगड आहेत. एक आईच्या काळचा पाटा, दुसरा ओट्यावर बसवलेला गुळगुळीत ‘ब्लॅक ग्रॅनाइट’. पाटा सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. अधूनमधून टाकी लावून घेतली नाही, तर त्याच्यावर चटणी नीट वाटली जात नाही.

बेसाल्ट आणि ग्रॅनाइट दोन्ही अग्निज खडक. वितळलेला शिलारस थिजला की असे खडक तयार होतात. तो कुठे थिजला आणि किती सावकाश, हे खडकाच्या कणांत वाचता येतं. एखाद्या इमारतीच्या पायरीला गुलाबी ग्रॅनाइट दिसला, तर वाकून जरूर बघा. धुरकट, काचेसारखे ठिपके क्वॉर्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचेच. गुलाबी आणि पांढरे चौकोनी तुकडे फेल्स्पारचे. मधूनच चमकणारे काळे पापुद्रे अभ्रकाचे. जमिनीखाली काही किलोमीटरवर हा रस लाखो वर्षं निवत राहिला, म्हणून स्फटिकांना एवढं वाढायला सवड मिळाली. बेसाल्टचा लाव्हा मात्र उघड्यावर पसरला आणि त्या मानाने झटपट थिजला. त्याचे बहुतेक कण भिंगाशिवाय दिसत नाहीत. त्यातल्या वायूचे बुडबुडे तसेच अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक वाढले. पुण्या-नाशिककडच्या खाणींत ते आजही सापडतात.

दुसरा फरक घटकांचा. ग्रॅनाइटमध्ये सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते तो घटक, साधारण ७० टक्के, बेसाल्टमध्ये ५० टक्क्यांच्या आसपास. उलट लोह आणि मॅग्नेशियम बेसाल्टमध्ये जास्त. म्हणून तो काळा, आणि ग्रॅनाइटपेक्षा जडही. सिलिका कमी असल्यामुळे हा लाव्हा पातळ असतो, दूरवर वाहतो. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला, आणि घाटातून जाताना डोंगराला दिसतात त्या पायऱ्या त्याच थरांच्या.

आता ओट्याकडे येऊ. कठीण आणि छान पॉलिश घेणाऱ्या जवळजवळ कुठल्याही दगडाला बाजारात ग्रॅनाइट म्हणतात. काळ्याभोर लाद्या बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रोच्या असतात. त्यांचे घटक बेसाल्टसारखेच, फक्त रस जमिनीखाली थिजल्याने कण जरा मोठे. असा ओटा गुलाबी पायरीपेक्षा पाट्याच्या जवळचा नातेवाईक. मला हे नातं फार आवडतं, कारण घटक आणि निवण्याचा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यातून चटकन कळतं.

खरा ग्रॅनाइट आपल्यापासून दूर नाही, बहुतेक ठिकाणी तो पायाखाली दडलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. त्याखाली थोडा गाळाचा थर लागला आणि मग ग्रॅनाइटच्या कुळातला, दोन अब्ज वर्षांहून जुना पाया. कोयनेच्या परिसरात तोच पाया गाठायला सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट भेदावा लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूला मात्र लाव्ह्याची ही चादर संपते, आणि तो जुना खडक गोलसर धोंड्यांच्या रूपात शेतांमध्ये उघडाच पडलेला दिसतो.