राधानगरी: राजाचं धरण, राजाचं रान

जुलैचा दुसरा पंधरवडा आला की कोल्हापुरात एकच विचारणा सुरू होते, "राधानगरीचा दरवाजा उघडला का?" धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ३४७.५ फुटांवर गेली की ते पाण्याच्याच दाबाने उघडतात, कुणी बटण दाबायला जात नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी बाहेर पडतं. पहिला दरवाजा रात्री दोनला उघडो की पहाटे पाचला, चहाच्या वेळेपर्यंत प्रत्येक मोबाइलवर त्याचा व्हिडिओ आलेला असतो. मग नदीकाठचा माणूस मनातल्या मनात हिशेब मांडतो: भोगावती नदीतून हे पाणी पंचगंगेला कधी लागणार, कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होणार, म्हशी आजच हलवाव्यात की उद्या सकाळी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या घरात हा हिशेब पोरांनाही येतो.

बाहेरच्यांना राधानगरी कळते ती एवढीच, पावसाळ्यातली बातमी म्हणून. फार तर शेजारच्या दाजीपूरच्या जंगलातले गवे. हे तालुक्याचं गाव कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटरवर, फोंडा घाटाने कोकणात उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. एसटी स्टँड, आठवडी बाजार, सरकारी कचेऱ्या, वडापाव आणि भजीच्या गाड्या. गाडी थांबवून चहा प्यावा आणि पुढं जावं, एवढीच त्याची ओळख बऱ्याच जणांना असते. मात्र इथलं धरणही आणि पलीकडचं अभयारण्यही एकाच माणसाच्या निर्णयांतून उभं राहिलं, आणि आज या गावापुढं जे प्रश्न आहेत त्यांची मुळंही तिथंच सापडतात. तो माणूस म्हणजे राजर्षी शाहू महाराज.

शाहू महाराजांच्या हाती कोल्हापूर संस्थानाचा कारभार आला १८९४ साली. दोन वर्षांतच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेग आणि पुन्हा अवर्षण. गंमत अशी की याच संस्थानाच्या पश्चिम कडेला सह्याद्रीवर साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो चार महिन्यांत वाहून जायचा आणि शंभर किलोमीटरच्या आत पूर्वेकडचं शिरोळ कोरडं राहायचं. पाऊस भरपूर होता, साठवायची सोय नव्हती. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्याच वर्षी संस्थानाचं पाटबंधाऱ्यांचं धोरण ठरलं. पन्नास टक्के राखीव जागांचा प्रसिद्ध जाहीरनामाही त्याच वर्षीचा, त्यामुळं १९०२ म्हटलं की लोकांना तोच आठवतो. पाटबंधाऱ्यांचं धोरण त्याच्या सावलीत राहिलं. माझ्या मते ते तितकंच दूरचं बघणारं होतं.

त्या धोरणातलं सर्वांत मोठं काम म्हणजे भोगावतीवरचं धरण. १९०७ च्या सुमारास योजना आकाराला आली. जागा निवडली ती फेजिवड्याजवळची, दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आलेले आणि मागं पाणी पसरायला ऐसपैस खोरं. धरणाला महाराणींचं नाव दिलं, लक्ष्मीबाई तलाव. आजही जुनी माणसं 'लक्ष्मी तलाव' म्हणतात. शेजारी जी पेठ वसली तिला महाराजांच्या कन्येचं नाव मिळालं. राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब, ज्या पुढं देवासच्या थोरल्या पातीच्या महाराणी झाल्या. पाणी आईच्या नावाचं आणि गाव लेकीच्या नावाचं. पेठेचा हेतू व्यवहाराचा होता. घाटातून मीठ, मासळी, नारळ वर यायचे, इकडून गूळ आणि धान्य खाली जायचं. त्या बैलगाड्यांना मुक्कामाला जागा हवी होती, आणि धरणाच्या कामावर राबणाऱ्यांना बाजार हवा होता.

काम मात्र रखडलं. पैसा संस्थानाच्या तिजोरीतला, आणि तिजोरी काही फार मोठी नव्हती. त्यात पहिलं महायुद्ध आलं. भिंत काही उंचीपर्यंत चढली आणि थांबली. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले तेव्हा धरण अर्धंच होतं. पुढं राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते पुन्हा हाती घेतलं गेलं आणि पूर्ण झालं थेट १९५० च्या दशकात. तोवर संस्थानच उरलं नव्हतं, १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. कल्पना एका राजवटीची आणि पुरी केली दुसऱ्याच राजवटीने, असं हे धरण आहे. आज त्यात ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. उजनी-कोयनेच्या मानाने ही वाटीच म्हणायची, पण कोल्हापूरची भूक या वाटीने भागवली.

भागवली कशी, तेही बघण्यासारखं आहे. इथं धरणापासून कालव्यांचं जाळं काढलेलं नाही. पाणी सोडायचं ते नदीतच. खाली भोगावती-पंचगंगेवर ठिकठिकाणी दगडी खांबांचे ठेंगणे बंधारे बांधले, खांबांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर फळ्या बसवायच्या, दोन फळ्यांमध्ये माती ठासायची, पाणी अडवायचं आणि काठावरच्या शेतकऱ्यांनी ते पंपाने उचलायचं. पावसाळ्याच्या तोंडावर फळ्या, म्हणजे बरगे, काढून ठेवायचे म्हणजे पूर अडत नाही. हाच पुढं राज्यभर गेलेला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, नदीपासून चार-चार किलोमीटरवर पाणी चढलं आणि त्यामागून ऊस आला. हळदी, परितेच्या बाजूनं राधानगरीला जा, खिडकीतून दोन्ही अंगांना ऊसच दिसतो. गुऱ्हाळं होती, कारखाने आले. कोल्हापुरी गुळाचा तांबूस-पिवळा रवा आपण चाखतो त्यात राधानगरीच्या पाण्याचा वाटा मोठा आहे.

आता रान.

दाजीपूरचं जंगल टिकलं ते कुणी पर्यावरणाचा विचार केला म्हणून नव्हे. ते राजाचं शिकारीचं रान होतं. शाहू महाराज पट्टीचे शिकारी. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवणं, हत्तींची साठमारी, म्हणजे हत्तीला डिवचून खेळायचा खेळ, सगळ्याचा शौक. राधानगरीजवळ हत्तीमहाल नावाचं ठिकाण आहे, ते साठमारीच्या हत्तींसाठीच उभारलेलं. जलाशयाच्या मधोमध उंचवट्यावर एक बंगला बांधला होता, 'बेनझीर व्हिला'. बेनझीर म्हणजे ज्याला तोड नाही असा. आता छप्पर नाही, उरल्यात त्या भिंती आणि कमानी. पावसाळ्यात पाणी चहूबाजूंनी वेढतं. एप्रिल-मे महिन्यात पातळी उतरली की भेगाळलेल्या गाळावरून त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. भिंतींवर पाण्याच्या रेघा एकावर एक उमटलेल्या असतात, जणू कुणी दरवर्षी पेन्सिलीने उंची मोजून ठेवलीय.

राजाचं रान म्हणजे बाकीच्यांना मज्जाव. तिथं कुऱ्हाड चालत नसे आणि बंदूक चालली तर दरबाराचीच. शिकार पाहिजे म्हणून शिकारीची जनावरं राखली गेली, असा हा उलटा न्याय. आजूबाजूच्या डोंगरांवर कोळशासाठी, शेतीसाठी झाडं गेली. दाजीपूरची अंजनी, जांभूळ, ऐन, हिरडा उभी राहिली. त्यांच्या सावलीत कारवी आणि सड्यांवर गवत. सावराईचा सडा, इदरगंजचं पठार हे जांभ्या दगडाचे उघडे माळ, पावसानंतर फुलांनी भरतात आणि पहाटे तिथं गवे चरायला येतात.

१९५८ साली 'दाजीपूर गवा अभयारण्य' जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य म्हणून त्याचा उल्लेख होतो. खरं तर तेव्हा महाराष्ट्र जन्मलाच नव्हता, द्विभाषिक मुंबई राज्य होतं, पण मान आपल्याकडं आला तो आला. सरकारी पाट्यांवर बरीच वर्षं 'बायसन' लिहिलेलं असायचं. गवा हा बायसन नव्हे. बायसन अमेरिकेतला आणि युरोपातला. इंग्रज शिकाऱ्यांनी चुकीचं नाव लावलं, आपण ते पाठ केलं आणि अजूनही इथल्या दुकानांच्या, हॉटेलांच्या पाट्यांवर बायसन मिरवतो आहे. गवा तो गवाच: काळा-तपकिरी, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, आणि पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. ते पांढरे पाय झुडपात आधी दिसतात, बाकीचं अंग मागून.

१९८५ मध्ये अभयारण्याची हद्द वाढवून ती ३५१.१६ चौरस किलोमीटर केली आणि नाव झालं राधानगरी वन्यजीव अभयारण्य. भोगावतीवरचा जुना जलाशय आणि दूधगंगेवरचा काळम्मावाडीचा, दोन्ही त्यात आले. शिकारीचं रान होतं तोवर प्रश्न एका राजाचा आणि त्याच्या हुकमाचा होता. १९८५ नंतर तो कायद्याचा झाला, आणि कायद्याच्या हद्दीत गावं होती, धनगरवाडे होते. म्हशी घेऊन पिढ्यानपिढ्या डोंगरात राहिलेली ही माणसं. हिरडा, शिकेकाई, मध, करवंदं, आणि मडक्यात लावलेलं दही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्यांतून वाळलेलं लाकूडदेखील उचलायला बंदी आली. ज्यांच्या वाडवडिलांनी राजाच्या शिकारीत हाकारे घातले, त्यांना जळणाची मोळी आणली म्हणून जाब द्यावा लागू लागला. एजिवड्यासारख्या गावांच्या पुनर्वसनाचा विषय त्यातूनच आला. धरणासाठी उठलेल्यांच्या आठवणी अजून ताज्या, त्यात अभयारण्यासाठी उठायचं. गावात अभयारण्याबद्दल विचारलं की अभिमान आणि चीड एकाच वाक्यात का येते, ते यातून कळावं.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. महाराष्ट्राच्या वाट्याला चार आली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात राधानगरी नाही, पण चांदोलीकडून तिलारी-गोव्याकडं जाणाऱ्या वाघाच्या वाटेवर ती मधोमध आहे. २०२० मध्ये भोवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तेव्हाही गावात बैठका झाल्या, घर बांधायला परवानगी लागणार का, गोठ्याचं काय, असे साधे प्रश्न विचारले गेले. त्याच तालुक्यात दुर्गमानवाडच्या डोंगरावर बॉक्साइटच्या खाणी चालल्या, हे लोक विसरत नाहीत. डोंगर खणायला चालतो आणि गोठा वाढवायला चालत नाही, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे.

या दोन गोष्टी, धरण आणि रान, एकमेकींना भेटतात त्या उसात. गव्याला रानाची हद्द कळत नाही. उन्हाळ्यात सड्यावरचं गवत करपतं, पाणवठे आटतात, आणि खाली नदीकाठी बाराही महिने हिरवा, दाट, माणसापेक्षा उंच ऊस उभा असतो. चरायलाही आणि लपायलाही. कळप रात्री येतात, खातात त्याच्या दुप्पट तुडवतात. शेतकरी बांधावर माळा बांधून डबा बडवत बसतो, बॅटरीचा झोत टाकतो. सकाळी पंचनाम्यासाठी अर्ज. डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते आणि भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. राजाने शिकारीसाठी राखलेला गवा, आणि राजानेच अडवलेल्या पाण्यावर वाढलेला ऊस. शंभर वर्षांपूर्वी या दोन्हींत डोंगराएवढं अंतर होतं.

अलीकडं गावाला आणखी एक हंगाम मिळालाय. मेच्या शेवटाला, वळीव पडून गेल्यावर, झाडं काजव्यांनी लखलखतात. काजवा महोत्सव भरतो, पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, घरगुती मुक्कामाच्या खोल्या भरतात. पाहुण्यांना सांगावं लागतं की मोबाइलचा दिवा बंद ठेवा, नाहीतर दिसणार काहीच नाही. दिवसा तीच मंडळी बेनझीर व्हिल्याकडं गाळ तुडवत जातात, फोटो काढतात. मग जून लागतो, अभयारण्याचं फाटक बंद होतं, आणि पाणी पुन्हा त्या कमानींकडं चढायला लागतं.